रुमाल आणि बंदिवास : जबलपूरच्या इतिहासाच्या संदर्भात

रुमाल हा शब्द फारसीतून मराठीत आला, तेव्हा चेहरा पुसण्याचे वस्त्र एवढाच त्याचा अर्थ होता. मराठीने मात्र त्याला अनेक कामांस लावले. डोईस गुंडाळावयाचे वस्त्र तो रुमाल, आणि दप्तरातील कागद ज्या कापडात बांधून ठेवीत तोही रुमालच. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदांची मोजदाद रुमालांनीच होत आली आहे. राज्याची स्मृती ज्यात बांधून ठेवावयाची, त्या वस्त्रालाही आपण हेच साधे घरगुती नाव दिले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

नर्मदेच्या खोऱ्यातील जबलपूर ह्या नगरीत ह्या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला, आणि तो भीषण होता. वाटसरूंच्या गळ्याला फास घालून त्यांना ठार मारणाऱ्या ठगांचे जे शस्त्र, तोही रुमालच होता. ठगांच्या बंदोबस्ताचे काम कंपनी सरकारने विल्यम हेन्री स्लीमन ह्या अधिकाऱ्याकडे सोपविले, आणि त्या कामाचे मुख्य ठाणे जबलपूर झाले. ठगी हा वंशपरंपरागत धर्मपंथ होता, ही स्लीमनची मांडणी अलीकडच्या इतिहासकारांना जशीच्या तशी मान्य नाही. दुष्काळ, मोडलेली लष्करे, बुडालेला रोजगार आणि स्थानिक जमीनदारांचा आश्रय ह्यांतून हा गुन्हेगारीचा धंदा फोफावला, असे ते दाखवितात. परंतु रस्त्यावर माणसे मारली जात होती, ह्याविषयी वाद नाही. आणि त्या माणसांची कोणी तरी घरी वाट पाहत होते, ह्याविषयीही नाही.

ह्या प्रकरणातील एक प्रसंग बंदिवासाच्या कोणत्याही विचाराच्या आरंभी ठेवावा असा आहे. फिरंगिया नावाचा ठगांचा एक नायक स्लीमनच्या हाती लागत नव्हता. तेव्हा स्लीमनने त्याची आई, पत्नी आणि मूल ह्यांना पकडून आणले. फिरंगियाला मुलूख पाठ होता, दूर निघून जाणे त्याला अवघड नव्हते. पण आपली माणसे कैदेत असता तो त्या परिसरापासून लांब जाऊ शकला नाही, आणि १८३०च्या अखेरीस पकडला गेला. पुढे तो माफीचा साक्षीदार झाला. त्याने साथीदारांची नावे सांगितली, प्रेते पुरल्याच्या जागा दाखविल्या. त्याच्या साक्षीने ठगांच्या टोळ्या उघड्या पडल्या.

स्लीमनने हा वृत्तांत स्वतःच लिहून ठेवला आहे. त्यात फिरंगियाच्या आपल्या माणसांवरील मायेची नोंद आहे. पण ती कशी आहे, हे पाहावे. एक उपयोगी पडलेले साधन, एवढेच तिचे त्या दप्तरातले स्थान. कैद्याचे प्रेम राज्यसत्तेला ठाऊक असते. तिला त्याचा उपयोगही ठाऊक असतो. बंदिवासाच्या इतिहासातील हे एक मूलभूत सत्य आहे, आणि जबलपूरच्या मातीत ते इतक्या उघडपणे दिसते की त्यासाठी दूर जावे लागत नाही.

फाशीऐवजी जन्मठेपेवर ज्यांचे प्राण वाचले, अशा साक्षीदार ठगांसाठी व त्यांच्या मुलांसाठी १८३७-३८च्या सुमारास जबलपुरात एक उद्योगशाळा निघाली. त्यांची कुटुंबे जवळच वसविण्यात आली. तेथे तंबू, दऱ्या, गालिचे तयार होऊ लागले, आणि ते पाहावयास युरोपीय प्रवासी मुद्दाम येत. एके काळी ज्या हातांत फासाचा रुमाल होता, ते हात आता मागावर चालताना पाहून त्यांना सुधारणेचा साक्षात्कार होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तुरुंगातील विणकाम हा हिंदुस्थानभर मोठा व्यवसाय झाला. येरवडा, आग्रा, लाहोर येथील कैद्यांचे गालिचे दूरदेशी गेले. विंडसरच्या राजवाड्यातील वॉटर्लू दालनात अंथरलेला सुमारे दोन टन वजनाचा अखंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगातच विणलेला आहे.

ह्या वस्तूंचे कौशल्य वादातीत आहे. तरीही कलेच्या इतिहासकाराने येथे एक प्रश्न विचारावयास हवा. हा गालिचा कोणासाठी विणला गेला? बाजारासाठी, किंवा राणीसाठी. नक्षी ठरलेली, गाठींची संख्या ठरलेली, दिवसाचे काम ठरलेले. विणणाऱ्याचे नाव त्यावर नाही, आणि ज्यांची त्याला आठवण येत असेल त्यांचेही नाही. कैद्याचे हात त्यात पुरेपूर आहेत. मन कोठे होते, ते मात्र त्यावरून समजत नाही.

तुरुंगातून मन बाहेर जाण्याची वाट म्हणजे पत्र. परंतु ही वाटही पहाऱ्यातूनच जाते. इंग्रजी अमदानीत कैद्याला ठराविक मुदतीने, आणि तेही वर्तन चांगले असेल तर, पत्र लिहिता येई. ते अधिकारी वाचीत, आवश्यक वाटल्यास अडवीत. त्यामुळे तुरुंगातील प्रत्येक पत्राला दोन वाचक असत : एक ज्याच्यासाठी ते लिहिले तो, आणि दुसरा ज्याच्या हातून ते जावयाचे तो. बंदिवासातील वाङ्मयाचे अनेक गुणविशेष ह्या दोन वाचकांच्या अस्तित्वातून उपजले आहेत. त्यातील संयम हा पुष्कळदा स्वभावाचा नसतो, परिस्थितीचा असतो. आणि त्यातील पाखरे, पाऊस व चांदणे ही निव्वळ अलंकरणे नसतात, तर ते अशा दूतांचे काम करतात की ज्यांची झडती घेता येत नाही.

जबलपूरशी संबंध असलेल्या एका मराठी माणसाचे चरित्र ह्या संदर्भात आठवते. माधवराव सप्रे हे दमोह जिल्ह्यातील पथरिया गावी १८७१ साली मराठी कुटुंबात जन्मले. त्यांच्या शिक्षणाचा काही काळ जबलपुरात गेला. हिंदी गद्याच्या उभारणीत त्यांचे स्थान फार मोठे आहे. नागपुराहून ते ‘हिंदी केसरी’ चालवीत होते. १९०८च्या ऑगस्टमध्ये त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. सप्रे डगमगले नव्हते. परंतु त्यांच्या वडील बंधूंना हा आघात सोसवेना. माफी मागून सुटून आला नाहीस तर आपण प्राणत्याग करू, असे त्यांनी निर्वाणीचे सांगितले. बंधूंच्या मायेपुढे सप्रे हरले. त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते बाहेर आले. त्या सहीचे शल्य त्यांना आयुष्यभर राहिले. सार्वजनिक जीवनातून ते काही काळ बाजूस झाले, रामदासी वृत्तीने राहिले. ‘दासबोधा’चा आणि पुढे टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा त्यांनी हिंदी अनुवाद केला.

फिरंगिया आणि सप्रे ह्यांच्यात नीतीच्या दृष्टीने काहीही साम्य नाही. एक खुनी टोळीचा नायक, दुसरा निष्कलंक देशभक्त. पण तुरुंगाने दोघांनाही ज्या दोरीने ओढले ती एकच होती. सप्रे ह्यांच्याविषयी लिहिताना त्यांच्या माफीचा उल्लेख संकोचाने आटोपण्याची पद्धत आहे. वस्तुतः त्यात लपविण्यासारखे काही नाही. प्रेमामुळे माणूस तुरुंगात तग धरतो, हे आपण आवडीने सांगतो. प्रेमामुळेच तो वाकतो, हेही तितकेच खरे आहे. ज्याने बंधूचा प्राण राखण्यासाठी स्वतःची प्रतिष्ठा दिली, त्याने मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला ग्रंथ आपल्या हाताने दुसऱ्या भाषेत उतरविला, ह्या घटनेतील प्रायश्चित्ताचा भाव ध्यानात घेतल्यावाचून त्या अनुवादाचा विचार पुरा होत नाही.

सप्रे ह्यांच्याच प्रेरणेने १९२० साली जबलपुरात ‘कर्मवीर’ निघाला, आणि त्याचे संपादन माखनलाल चतुर्वेदी ह्यांच्याकडे आले. १९२३च्या झेंडा सत्याग्रहाची ठिणगी जबलपुरातच पडली, आणि मग नागपुरास तिचा वणवा झाला. सुभद्राकुमारी चौहान ह्या त्या सत्याग्रहात पुढे होत्या. मराठ्यांच्या कुळातील झाशीच्या राणीला हिंदीभाषकांच्या घराघरात पोहोचविणाऱ्या ह्या कवयित्रीचा संसार जबलपूरचा. त्या आणि त्यांचे पती लक्ष्मणसिंह ह्या दोघांनीही कारावास भोगला. त्या घराची कथा पुढे त्यांच्या कन्या सुधा चौहान ह्यांनी लिहिली. तुरुंगात गेलेल्या माणसांची चरित्रे आपल्याकडे विपुल आहेत. त्यांच्या मागे घरी राहिलेल्या मुलांपैकी एकाने लिहिलेले चरित्र म्हणून ह्या ग्रंथाला वेगळे मोल आहे.

चतुर्वेदींची ‘कैदी और कोकिला’ ही कविता १९३०च्या सुमारास जबलपूरच्या मध्यवर्ती तुरुंगातली. मध्यरात्री कोकिळा ओरडते, आणि पोटाला जू बांधून मोट ओढणारा कैदी तिला विचारतो की, ह्या अवेळी तू का बोललीस? सुभाषचंद्र बोस ह्यांना १९३२-३३ मध्ये काही काळ ह्याच तुरुंगात ठेवले होते. आज त्या तुरुंगाला त्यांचेच नाव आहे. ह्याच जबलपुरात शिकलेले भवानीप्रसाद मिश्र १९४२च्या आंदोलनात सुमारे तीन वर्षे बंदिवासात होते. ‘घर की याद’ ह्या त्यांच्या कवितेत श्रावणातल्या पावसाला निरोप दिलेला आहे : आईवडिलांना सांग, तो खुशाल आहे, खातो, खेळतो, तो रात्री जागा असतो आणि माणसांपासून दूर राहतो, हे मात्र बोलू नकोस. तुरुंगातील पत्राचा संपूर्ण शिष्टाचार ह्या एका कल्पनेत आला आहे. घरी जे कळवावयाचे ते असत्य असते, आणि त्या असत्यातच खरे प्रेम असते. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने जे अडविले असते त्याहून अधिक कवी आपण होऊन अडवितो. फरक एवढाच की अधिकारी सत्तेसाठी अडवितो, आणि कवी आईसाठी.

मराठीत ह्या जातीच्या लेखनाची परंपरा तोलामोलाची आहे. सावरकरांनी १९१० साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगातून वहिनीस उद्देशून ‘माझे मृत्युपत्र’ लिहिले. अंदमानात कागद मिळेना, तेव्हा ‘कमला’ भिंतीवर कोरून आणि पाठ करून त्यांनी जतन केली. टिळकांनी १९१०-११च्या हिवाळ्यात मंडालेस ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहिले. सुटी पाने त्यांना मिळत नसत. बांधलेल्या, पृष्ठांक घातलेल्या वह्याच मिळत, म्हणजे एखादे पान बाहेर गेले तर समजावे. त्याच कारावासात १९१२ साली त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. ज्या आईसाठी ती लिहिली, ती १९१७ सालीच गेली होती. ह्या पुस्तकाला तपासनीसाची भीती नव्हती, कारण ज्या पत्त्यावर ते पाठवावयाचे तेथे टपाल जातच नव्हते. कदाचित त्यामुळेच ‘घर की याद’मधील आवरणे त्यात नाहीत, सारे काही मोकळेपणी सांगितलेले आहे.

शब्दांऐवजी वस्त्रात प्रेम पाठविल्याचे उदाहरणही आपल्या इतिहासात आहे. जवाहरलाल नेहरूंनी तुरुंगात कातलेल्या सुताची साडी १९४२च्या मार्चमध्ये इंदिराजींनी विवाहप्रसंगी नेसली. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेतील तुरुंगात वहाणांचा जोड केला व १९१४ साली तो जनरल स्मट्स ह्यांना, म्हणजे ज्याने तुरुंगात घातले त्यालाच, दिला. विंडसरच्या गालिच्याशेजारी ही साडी मनाने ठेवून पाहावी. कसब गालिच्यात अधिक, यात संशय नाही. पण साडीच्या प्रत्येक धाग्याला पाठविणारा आहे आणि घेणारी आहे. वस्तूला कलेचा दर्जा कशाने येतो ह्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर ह्या फरकात आहे.

तथापि येथे थांबणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होईल. वर उल्लेखिलेले सारे बंदिवान शिकलेले होते, आणि राजकीय होते. जतींद्रनाथ दास ह्यांनी लाहोरच्या तुरुंगात उपोषण करून १९२९च्या सप्टेंबरात प्राण दिला. त्यानंतर कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग ठरले. वरच्या वर्गांना पुस्तके, कागद, पत्रांची सवलत मिळाली. खालच्या वर्गाच्या वाट्याला चक्की, घाणा आणि मोट राहिली. सेठ गोविंददास ह्यांनी तुरुंगात नाटके लिहिली, द्वारकाप्रसाद मिश्र ह्यांनी ‘कृष्णायन’ रचले, आणि विनोबांनी धुळ्यास ‘गीता प्रवचने’ व शिवनीस ‘स्थितप्रज्ञदर्शन’ सांगितले. ह्या सर्व कृतींचे श्रेय त्यांच्या कर्त्यांचे आहेच. परंतु कागद हातात असणे हेही त्यामागील एक कारण आहे. त्याच भिंतींआड चोरी, मारामारी, खून ह्यांसाठी आलेली, अक्षरओळख नसलेली शेकडो माणसे होती. त्यांनाही घरे होती. आपल्या वाङ्मयेतिहासातील ‘तुरुंगातील साहित्य’ हे प्रकरण ह्या माणसांना वगळून लिहिलेले आहे, आणि ते वगळले आहेत असे सहसा कोणाला जाणवतही नाही.

ही उणीव किती मोठी आहे, हे कळण्यासाठी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे लागते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, न्यू मेक्सिको, टेक्सास, ॲरिझोना, कॅलिफोर्निया ह्या राज्यांत, स्पॅनिश वंशाच्या व मेक्सिकन मूळच्या लोकांची मोठी वस्ती आहे. तेथील तुरुंगांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून एक चित्रकला रुजली. तिला ‘पान्यो’ म्हणतात; स्पॅनिशमध्ये ह्याचा अर्थ नुसता कापड. कैदी तुरुंगाच्या दुकानातून साधा पांढरा हातरुमाल घेतो, नाही तर चादरीचा तुकडा फाडतो, आणि त्यावर बॉलपेनने, रंगीत पेन्सिलीने, प्रसंगी कॉफीच्या पाण्याने चित्र काढतो. ग्वादालुपेची माता, काट्यांचा मुकुट घातलेला ख्रिस्त, गुलाब, वाळूचे घड्याळ, तुरुंगाचे गज, एका बाजूने हसणारा आणि दुसऱ्या बाजूने रडणारा मुखवटा, आणि बहुधा ह्या सर्वांच्या मधोमध एका स्त्रीचा किंवा मुलाचा चेहरा. चित्र पुरे झाले की रुमालाची घडी पाकिटात जाते आणि पाकीट घरी. ज्याचा हात चांगला, तो इतरांसाठीही काढून देतो. मोबदला म्हणून सिगारेट, तिकिटे, खाण्याचे जिन्नस घेतो.

रुमालच का, ह्याचे उत्तर व्यवहारात आहे. तो स्वस्त, तुरुंगात मिळणारा, घडी घालून टपालाने जाणारा. परंतु व्यवहारातून निवडलेल्या वस्तूला अर्थ आपोआप येतो. रुमाल अंगाजवळ असतो, डोळे पुसतो, कागदासारखा फाटत नाही, धुतला तरी वस्त्र उरते. लिहिता न येणाराही तो पाठवू शकतो, आणि वाचता न येणारी आईही तो घेऊ शकते. गेल्या काही दशकांत हे रुमाल संग्राहकांनी जमविले. अल्बुकर्कच्या राष्ट्रीय हिस्पॅनिक सांस्कृतिक केंद्रासारख्या संस्थांतून त्यांची प्रदर्शने झाली. उशीखाली किंवा पेटीत जपलेली वस्तू भिंतीवर चौकटीत आली. ह्यात लाभ आहे, तशी हानीही आहे : एका माणसासाठी काढलेले चित्र आता कोणीही पाहतो, आणि ज्याच्यासाठी ते होते त्याचे नाव बहुधा गळून पडते.

ह्या कलेविषयी भाबडेपणा टाळावयास हवा. पान्यो काढणाऱ्यांत गंभीर गुन्हे केलेले लोक आहेत. गुलाब सुंदर काढला म्हणून गुन्हा हलका होत नाही. फिरंगियाची आपल्या आईवर माया होती. त्याच्या टोळीने ज्यांना वाटेत गाडले त्यांच्याही आया होत्या, आणि त्यांच्याकडे कोणताच रुमाल आला नाही. हा हिशेब कलेला मिटविता येत नाही. पण म्हणून कलेने गप्प बसावे, असेही नव्हे. गुन्हा करणारा माणूस आणि आईला गुलाब पाठविणारा माणूस एकच असतो, हे अडचणीचे सत्य न्यायालयाच्या निकालपत्रात मावत नाही; ते अशा रुमालावरच मावते. बंदिवासातील कलेचे खरे कार्य हेच. ती कैद्याला निर्दोष ठरवीत नाही. तो कोणाचा तरी आहे, एवढेच सांगते.

ह्या दृष्टीने पाहिले असता साहित्यसमीक्षेपुढेही एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. एका व्यक्तीसाठी निर्माण केलेली कृती साहित्यात किंवा कलेत मोडते काय? ‘माझे मृत्युपत्र’ वहिनीसाठी होते, ‘घर की याद’मधील निरोप आईवडिलांसाठी होता, आणि तरी ती सर्वांची झाली, हे आपण मान्य केले आहे. एकास उद्देशून बोलल्यामुळे कृती संकुचित होत नाही. उलट तिला दिशा मिळते. गालिचा सर्वांसाठी होता, म्हणून कोणाचाच झाला नाही. हा न्याय जर आपण कवीला लावतो, तर अक्षरशत्रू कैद्याच्या हातच्या वस्तूला, ओवीला, निरोपाला तो नाकारण्याचे कारण उरत नाही. प्रश्न गुणवत्तेचा नसून लक्ष जाण्याचा आहे. अमेरिकेतील रुमाल टिकले ते प्रथम घरच्यांनी जपले म्हणून, आणि नंतर कोणी तरी ते पाहण्यायोग्य मानले म्हणून. ह्यातील पहिली गोष्ट आपल्याकडील आयाबहिणींनीही केली असेल. दुसरी करण्याचे काम इतिहासकाराचे आहे.

जबलपूरच्या बंदिवासाचा आरंभ एका रुमालाने झाला, आणि त्याची हकिकत सरकारी दप्तराच्या रुमालात बांधली गेली. त्या दप्तरात फिरंगियाची माया आहे, पण ती पकडणाऱ्याच्या अक्षरात. माधवरावांच्या बंधुप्रेमाची साक्ष आहे, पण ती माफीपत्रावरच्या सहीच्या रूपात. कैद्याने स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या माणसासाठी जे केले, त्याची नोंद सरकारी दप्तर घेत नसते. ती घेण्यासाठी वेगळा रुमाल लागतो, आणि तो घरातील पेटीच्या तळाशी शोधावा लागतो.